इडली घरची, खिचडी बाहेरची

"रेणुकादास सर, माझ्यात एक खोट हाय. मी माझ्या हॉटेलात बसलो तरी मला दुसऱ्याच्या हॉटेलातली ताटं दिसतेत."

खाजाभाई हे मला म्हणाले तेव्हा साठीला टेकले होते. माणूस आपला हेवा असा तोंडाने कबूल करत नाही. मी स्वतः तीस वर्षं प्राध्यापकी केली, शेजारच्या टेबलावरच्या माणसाला माझ्याआधी बढती मिळाली तेव्हा आठ दिवस जेवलो नाही, पण घरी सांगताना पित्ताचं कारण दिलं. खाजाभाईंनी पित्तावर ढकललं नाही. म्हणून त्यांची गोष्ट सांगावीशी वाटते.

लातूरच्या गंजगोलाईमागच्या एका बोळात त्यांचं चार बाकड्यांचं हॉटेल होतं. घराणं बावर्च्यांचं. पणजोबा निजामाच्या अमलात तहसीलच्या साहेबांबरोबर दौऱ्यावर रांधायला जायचे. आजोबांनी नोकरी सोडून या बोळात चूल मांडली. तेव्हापासून तिथे सकाळी खिचडी-खट्टा आणि दुपारी मटणाचा दालचा, म्हणजे डाळीतला आंबट रस्सा, आणि भात मिळायचा. खिचडी मसुराच्या डाळीची, पिवळी, मोकळी. खट्टा म्हणजे भाजलेले तीळ वाटून चिंचेच्या कोळात कालवायचे, वर बारीक कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर. गरम खिचडीवर तो गार खट्टा ओतला की पहिल्या घासाला डोळे मिटतात.

मी रेणापूरचा. चौऱ्याऐंशी साली लातूरच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायला लागलो. प्रॅक्टिकलच्या आधी सायकल बोळात वळवायची, खिचडी-खट्टा खायचा आणि कॉलेज गाठायचं, हा माझा नेम. घरी कुसुमला, माझ्या बायकोला, हे सहा वर्षं माहीत नव्हतं. कळल्यावर ती भांडली नाही. एवढंच म्हणाली, "खात असाल तर खा. घरी आणू नका." खिचडीत मांसाचा कण नसतो हे मी सांगितलं. ती म्हणाली, "कण नसेल हो. पण त्यांच्यातलं आहे ते."

कुसुम काही वाईट बाई नाही. आमच्या गल्लीत कुणालाही विचारलं असतं तरी त्यांनी हेच सांगितलं असतं. आणि खाजाभाईंनाही ते ठाऊक होतं. त्र्याण्णव सालापर्यंत त्यांनी ते मनाला लावून घेतलं नव्हतं. त्यांच्या बाकड्यांवर त्यांच्या मोहल्ल्यातली माणसं, मोंढ्यातले हमाल आणि माझ्यासारखे चारदोन चोरून येणारे बसायचे. तेवढं पुरत होतं.

त्र्याण्णवच्या सप्टेंबरात, गणपती बुडवून लोक घरी येऊन झोपले त्या पहाटे, भूकंप झाला. लातूर शहर हादरलं, पण वाचलं. किल्लारीच्या बाजूची गावं मात्र दगडमातीचे ढीग झाली. दुसऱ्या दिवशी खाजाभाईंनी हंड्याएवढ्या दोन देगा, तांदळाची पोती, डाळ, तीळ, चिंच असं सगळं टेम्पोत घातलं आणि तिकडे निघाले. अठरा दिवस घरी आले नाहीत. पाऊस लागला होता. वरून ताडपत्री, खाली चिखल, आणि मधे देग. बाहेरून मदतीच्या गाड्या येत होत्या, पण त्यात बहुतेक वाळलेल्या पुऱ्या आणि पाव. गरम खिचडीचा वास सुटला की माणसं रांग धरायची. मराठा, लिंगायत, महार, वाणी, सगळे एका रांगेत. तिथे केवळाबाई नावाची एक म्हातारी होती, घरातली पाच माणसं गेलेली. तिने पहिल्या दिवशी ताट हातात घेऊन विचारलं, "ह्यात काय घातलंय बाबा?"

"डाळ-तांदूळ, आई. अन् वर तीळ-चिंच."

"मंग आमचंच की," असं म्हणून तिने खाली बसून खाल्लं.

ते शब्द खाजाभाईंच्या मनात राहिले. "सर, लई वाईट वेळ होती, माणसं मेली होती तिची. अन् मला मनात आनंद झाला. आमचंच म्हणली. कुणी असं म्हणलं नव्हतं."

तिथेच त्यांना कोटय्या भेटला. आंध्रातल्या एका सेवाभावी संस्थेबरोबर आलेला गुंटूरकडचा आचारी, सव्वीस-सत्तावीस वर्षांचा, काळासावळा, दणकट. त्याला मराठीचा एक शब्द येत नव्हता. चौथ्या दिवशी तो हातात रिकामी वाटी घेऊन खाजाभाईंच्या देगेजवळ आला आणि "चिंतपंडू, चिंतपंडू" म्हणू लागला. खाजाभाईंची बहीण देगलूरला दिलेली. तिकडे जाऊन येऊन चार तेलुगू शब्द कानावर पडलेले. चिंच हवी आहे हे त्यांनी ओळखलं आणि वाटीभर मागणाऱ्याला अर्धं पोतं दिलं. त्या संध्याकाळी कोटय्याने चिंचेचा आंबट भात केला आणि पहिलं ताट खाजाभाईंना आणून दिलं. मग दोघं शेजारी शेजारीच रांधायला लागले.

संस्थेची माणसं परत गेली, कोटय्या राहिला. गावं पुन्हा बांधायचं काम सुरू झालं होतं, गवंडी-मजूर आंध्रातूनही आले होते, त्यांना रांधून घालायला माणूस हवा होता. ते काम आटोपत आलं तेव्हा खाजाभाईच त्याला म्हणाले, "गावाकडं जाऊन काय करून राहशील? लातूरला चल. तुझा उपमा झकास होतो, गाडा लाव." खोली त्यांनी पाहून दिली. गाड्याला जागाही त्यांनीच दाखवली. शिकवण्यांची बोर्डं जिथे एकामागून एक लागत होती, त्या रस्त्याच्या कोपऱ्यावर. हे पंच्याण्णव साल.

त्यानंतर लातूरचं काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राने पाहिलं. बारावीच्या गुणवत्ता यादीत लातूरची पोरं झळकायला लागली आणि बिलोली, किनवट, अहमदपूर, परळी, कुठून कुठून आईबाप मुलांना घेऊन यायला लागले. एकेका घराने वर माडी चढवून खोल्या काढल्या. मीही सकाळी सहाची बॅच घ्यायला लागलो. पोरं साडेपाचला उठायची, सातला बॅच सुटायची, साडेसातला दुसरी लागायची. मधल्या अर्ध्या तासात पोट भरेल, हात बरबटणार नाही आणि वर्गात झोप येणार नाही असं खाणं एकच होतं, ते म्हणजे इडली. कोटय्याच्या गाड्याभोवती सायकलींचा गराडा पडायला लागला. पोरं त्याला अण्णा म्हणायची. दोन हजार एक साली गाड्याचा हॉल झाला, चौदा टेबलांचा. त्याची बायको सुभद्रम्मा गावाहून आली आणि पीठ वाटायची मशीन घरघरायला लागली.

खाजाभाईंना सुरुवातीला अभिमान वाटायचा. "माझ्या हातानं लावलेला माणूस हाय," असं ते सांगायचे. मग सांगायचे बंद झाले. मग ते हॉटेल उघडण्याआधी उगाच त्या रस्त्याने चक्कर मारायला लागले. एकदा मला बॅच सुटल्यावर ते समोरच्या झेरॉक्सच्या दुकानापाशी उभे दिसले. हातात कागद नव्हता. कोटय्याच्या हॉलकडे बघत होते.

"काय खाजाभाई, इकडं कुठं?"

"काय न्हाई सर. बघून राहिलो. एक बाई आली, पोरीला घेऊन. कपाळाला कुंकू, हातात जपाची पिशवी. आत गेली, बसली, खाल्लं. विचारलं बी न्हाई कोण करतंय, कुठला हाय." त्यांनी आपल्या बोळाच्या दिशेला मान वळवली. "माझ्या दारात आली की आधी बोर्डावरचं नाव वाचती."

त्यांचं म्हणणं खरं होतं. त्यांच्या कळकट बोर्डावर आजोबांचं नाव होतं, आणि ते नाव वाचून आईबाप मुलांचा हात धरून पुढे जात. त्यांचं घराणं लातुरात किमान चार पिढ्या. कोटय्या आला कालपरवा, त्याला अजून मराठीत 'तो' कुठे आणि 'ती' कुठे हे जमत नव्हतं. पण इडली कुणाची, हे विचारायचं गावाने कधीच सोडून दिलं होतं. आमच्या घरी कुसुम दर रविवारी इडली करायची. तिला कुणी म्हटलं असतं की हे परमुलखातलं खाणं आहे, तर ती हसली असती.

दोन हजार तीन साली खाजाभाईंनी एक मोठी गोष्ट केली. दुपारचं मटण बंद केलं. दालचा दुधीभोपळ्याचा सुरू केला, देगा नव्या आणल्या, भिंतींना चुना दिला, आणि दारावर हिरव्या अक्षरात 'शुद्ध शाकाहारी' असा बोर्ड लावला. त्यांची बायको हुसेनबी शांत बाई, पण त्या दिवशी ती तडकली. ते खाजाभाईंनीच मला हसत सांगितलं होतं, "म्हणली, अपने लोगां छोड के जाते, उनके लोगां आते नै. फिर किसके वास्ते पकाते जी?"

झालंही तसंच. मोहल्ल्यातले लोक दोन दिवस भोपळ्याच्या दालच्याची चेष्टा करून तिसऱ्या दिवशी दुसरीकडे गेले. आणि ज्यांच्यासाठी बोर्ड लावला ते लोक बोर्ड वाचून म्हणायचे, "शुद्ध म्हणून लिहावं लागतंय, म्हणजे काहीतरी असणार." दीड वर्षाने त्यांनी बोर्ड उतरवला, मटण पुन्हा चढवलं. अर्धे लोक परत आले, अर्धे आले नाहीत.

याच सुमाराला त्यांची एकुलती एक मुलगी कहकशां माझ्या बॅचला होती. हुशार पोर. ती बॅच सुटल्यावर मैत्रिणींबरोबर कोटय्याकडे इडली खायची, आणि कोटय्या तिच्याकडून काही घ्यायचा नाही. तिच्या वहीत मी एकदा सांबाराचा डाग पाहिला. ती घाईने म्हणाली, "सर, अब्बांना सांगू नका."

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो. दोन हजार आठच्या जूनमध्ये आम्ही शिकवणीवाल्यांनी मिळून गुणवंतांचा सत्कार ठेवला होता. आईबाप येणार, म्हणून खाण्याचे स्टॉल. यादी करायचं काम माझ्याकडे होतं. मी एका कागदावर दोन मथळे घातले. 'घरगुती नाष्टा', त्याखाली पोहे, उपमा, इडली, डोसा. आणि 'बाहेरचे प्रकार', त्याखाली चायनीज, पंजाबी, मोगलाई खिचडी. खाजाभाईंना स्टॉल मिळावा म्हणून मीच भांडलो होतो, आणि कागद द्यायलाही मीच गेलो. मोठं काम केल्यासारखा.

त्यांनी चष्मा लावून कागद वाचला. पुन्हा वाचला. बोट 'घरगुती'खालच्या तिसऱ्या ओळीवर ठेवलं.

"सर, इडली घरची कव्हापासून झाली?"

त्यांचं बोट तिथून दुसऱ्या मथळ्याखाली सरकलं.

"कोटय्या माझ्या टेम्पोत बसून आला लातूरला. अन् ही मोगलाई काय हाय? मोगल कुठं होते इथं? मी लातूरचा. तीळ औशाचा, चिंच ह्याच शिवारातली. माझी खिचडी चायनीजच्या शेजारी?"

"लोक म्हणतात तसं लिहिलं, खाजाभाई," मी म्हणालो. चोवीस वर्षं त्यांच्या हातचं खाऊन मी हे म्हणालो.

त्यांनी कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली. सत्काराला ते आले नाहीत. त्यांच्या नावाचा स्टॉल रिकामा राहिला, आणि तिथे कुणीतरी चपलांचा ढीग घातला.

पुढचं घडलं ते दोन हजार नऊच्या फेब्रुवारीत, बारावीची परीक्षा तोंडावर आली असताना. खोल्यांतल्या पोरांना कावीळ व्हायला लागली. आधी तीन, मग नऊ. आईबाप धावत आले. बिलोलीचे शेषेराव गुरुजी म्हणून एक प्राथमिक शिक्षक होते, त्यांची मुलगी पिवळी पडली होती. तिला दवाखान्यात ठेवून ते डोकं धरून भटकत भटकत गोलाईमागच्या बोळात आले आणि खाजाभाईंच्या बाकड्यावर बसले. चहा मागितला. बोलता बोलता विचारलं, "कुठल्या खाण्यानं झालं असंल हो? पोरगी तर रोज त्या अण्णाकडंच खाती."

त्या सकाळी खाजाभाई नेहमीप्रमाणे त्या रस्त्याने आले होते आणि कोटय्याच्या दाराबाहेर टेबल रिकामं होण्याची वाट पाहत उभी असलेली पंधरा माणसं त्यांनी पाहिली होती. त्यांच्या स्वतःच्या बाकड्यावर त्या वेळी शेषेराव गुरुजी एकटे होते.

ते म्हणाले, "पीठ उघडंच पडतंय त्याचं. टाकीचं पाणी वापरतोय. मी डोळ्यांनी बघितलंय."

यातलं काहीही त्यांनी पाहिलं नव्हतं. कोटय्याच्या मशीनखोलीत त्यांनी सात वर्षांत पाय ठेवला नव्हता.

गुरुजींनी ते दवाखान्यात बसलेल्या इतर आईबापांना सांगितलं. चार दिवसांत हॉल रिकामा झाला. आठ दिवसांनी कुणीतरी काचेवर दगड मारला. आणि ज्याला पोरं चौदा वर्षं 'अण्णा' म्हणत आली होती, त्याला आईबाप म्हणायला लागले, 'तो मद्रासी'. तपासणी झाली तेव्हा कळलं की दोष एका माडीवरच्या पाण्याच्या टाकीत होता, त्यात ड्रेनेजचं पाणी मुरत होतं. आजारी पडलेली सगळी पोरं त्याच टाकीचं पाणी प्यायची. पण हे कळेपर्यंत परीक्षा सुरू झाली होती, आणि तोपर्यंत आईबापांनी पोरांना ठरवून दिलं होतं, 'बाहेरचं काही खायचं नाही'. त्या 'बाहेरच्या'त कोटय्या होता, आणि खाजाभाई तर आधीपासूनच होते. त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक वाढलं नाही.

मार्चमध्ये एका दुपारी कोटय्या त्यांच्याकडे आला. पुढे काय झालं ते मी दोघांकडून वेगवेगळं ऐकलं आहे, आणि दोघांचं सांगणं जुळतं.

तो बाकड्यावर बसला. खिचडी संपली होती. खाजाभाईंनी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"भाई, मी गावाला जातो," कोटय्या म्हणाला. "सुभद्रम्मा म्हणते, चला. हॉल कुणाला तरी देतो."

त्याने तांब्यातलं पाणी प्यायलं.

"तुम्हाला एक सांगू? मला तुमचा लई हेवा वाटतो."

"माझा?" खाजाभाईंना वाटलं, हा चेष्टा करतो आहे.

"हाव. ती इडली माझी नाय भाई. आमच्या गावात इडलीवर तिखट पूड आणि तूप, संगं आल्याची चटणी. इथं पोरं ती पूड खाऊन रडली. मग मी सांबार गोड केलं. गूळ घातला. पोरं शेव मागतात वरून, मी शेव देतो. माझी आई बघंल तर ताट फेकून मारंल. चौदा वर्षं मी माझं खाणं विकलंच नाय. म्हणून ते सगळ्यांचं झालं. आता कोपऱ्याकोपऱ्यावर इडली आहे, कोण म्हणतं कोटय्याची इडली? अन् तुमच्याकडं चार माणसं येतात, पण ती खाजाभाईचा खट्टा खायला येतात. तुमच्या खट्ट्यात कुणी गूळ मागितला काय?"

"न्हाई."

"इडली घेतली त्यांनी, भाई. मला नाय घेतलं. एक दिवस लागला फक्त. एका दिवसात मी मद्रासी झालो. मी मद्रास पाहिलं बी नाय."

खाजाभाई मला म्हणाले, "सर, त्या वेळी गप बसलो असतो तर त्याला कधी कळलं नसतं. पण तो माझा हेवा करून राहिला होता, अन् मला ते सहन होईना. ज्याच्यावर जळून मी कोळसा झालो, तो म्हणतो मी तुमच्यावर जळतो. मग माझ्या तोंडातून निघून गेलं."

"कोटय्या, ते मीच बोललो होतो. गुरुजीला. पिठाचं. खोटं बोललो."

कोटय्याला आधी कळलंच नाही. खाजाभाईंना पुन्हा सांगावं लागलं. मग तो उठला, बोळाच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि तेलुगूत शिव्या द्यायला लागला. बोळात तेलुगू कुणाला येत नव्हतं, पण दुकानादुकानांतून माणसं बाहेर आली आणि सगळ्यांना अर्थ कळला. खाजाभाई दारात उभे राहून ऐकत होते. आतून हुसेनबी म्हणाली, "अंदर आओ जी." ते गेले नाहीत. तो थकून निघून जाईपर्यंत उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नांदेडची एसटी पकडली, तिथून बिलोलीची. शेषेराव गुरुजींचं घर शोधून काढलं आणि सगळं सांगितलं. गुरुजी चिडले. "अहो, मी चाळीस लोकांना सांगून बसलो! आता कुठल्या तोंडानं सांगू?" पण त्यांनी खाजाभाईंच्या समोरच सात-आठ जणांना फोन केले. मुलगी बरी झाली होती, पेपर मात्र तिला देता आले नव्हते. ती पाणी घेऊन बाहेर आली तेव्हा खाजाभाईंना तिच्याकडे बघवेना.

परत आल्यावर ते रोज सकाळी आपलं हॉटेल हुसेनबीवर सोपवून कोटय्याच्या हॉलमध्ये जायला लागले. दारातून दिसेल अशा पहिल्याच टेबलावर बसायचे, इडली मागवायचे आणि सावकाश खायचे. बोळातले बावर्ची खाजाभाई इथे खातात म्हटल्यावर लोकांची भीड चेपेल, असा त्यांचा हिशोब. कोटय्या बोलायचा नाही. प्लेट आदळायचा, पुढे जायचा. सुभद्रम्मा तर बाहेरच यायची नाही. हे तीन महिने चाललं.

"लोक परत आले ते तुमच्यामुळे," मी एकदा म्हणालो.

"छे. जून आला, नवीन पोरं आली. त्यांना काय म्हाईत कावीळ अन् काय." आणि मग ते पुढे म्हणाले, "खरं सांगू सर? तिथं बसून खाताना बी जळतच होतो. इडली इतकी मऊ असायची की जास्तच जळायचो."

कोटय्या गावाला गेला नाही. जूनमध्ये हॉल भरला आणि जाणं राहून गेलं. पण एक बदल त्याने केला. प्रत्येक टेबलावर तिखट पुडीची एक बरणी ठेवली, तुपाच्या भांड्यासकट. बहुतेक पोरं तिला हात लावायची नाहीत. दोन-तीन लावायची.

पुढच्या सत्काराची यादी करताना मी मथळेच काढून टाकले आणि खाजाभाईंना कागद दाखवायला गेलो. त्यांनी पाहिला. म्हणाले, "मथळे काढले, बरं केलं. पण स्टॉल त्याच कोपऱ्यात हाय की, चायनीजच्या बाजूला." मी जागा बदलून घेतली. पोह्यांच्या शेजारी. त्या वर्षी ते आले. गर्दी झाली असं म्हणणार नाही, पण देग रिकामी झाली. कुसुमने पहिल्यांदा तिथे खट्टा चाखला. घरी येताना रिक्षात म्हणाली, "तिळाची चटणी पातळ केल्यासारखं लागतं." आणि थोड्या वेळाने, "बरं लागतं." घरी तिने तो कधी केला नाही.

कोटय्या मात्र खाजाभाईंशी बोलत नव्हता. ते तीन वर्षं चाललं.

दोन हजार बारा साली कहकशांचं लग्न ठरलं. ती फार्मसी होऊन नांदेडला नोकरीला लागली होती, मुलगाही नांदेडचा, यासेर नावाचा. लग्न नांदेडलाच होतं. बावर्च्याच्या मुलीचं लग्न, तेव्हा बिर्याणी खाजाभाई स्वतः करणार हे ठरलेलंच. पण कहकशांने बापाला सांगितलं, "अब्बा, डोश्याचा काउंटर पायजे. अन् अण्णाच पायजे."

 तिसऱ्या दिवशी खाजाभाई पत्रिका घेऊन हॉलवर गेले. कोटय्याने पत्रिका घेतली, वाचली, गल्ल्याच्या खणात ठेवली. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

लग्नाच्या दिवशी मी आणि कुसुम नांदेडला पोचलो तेव्हा मांडवाच्या एका टोकाला कोटय्या तवा तापवत होता. डोक्याला पांढरा रुमाल, बाजूला पिठाची पातेली, सुभद्रम्मा चटणी वाढायला. दुसऱ्या टोकाला खाजाभाई तीन देगांसमोर उभे. निकाह झाला, लोक जेवायला उठले. आणि अर्धा मांडव डोश्याकडे गेला. इस्लापूरची आत्या, देगलूरची बहीण, मोहल्ल्यातली म्हातारी माणसं, सगळी. "बिर्यानी तो रोज खाते," असं एक जण खाजाभाईंना तोंडावर म्हणाला.

खाजाभाई देगेवरचं झाकण उचलायचे, वास घ्यायचे, पुन्हा ठेवायचे. तोंड पार उतरलेलं. मी जवळ गेलो. त्यांनी मला बोटाने रांग दाखवली. "पोरीच्या लग्नात बी," एवढंच म्हणाले.

मग त्यांनी झारा खाली ठेवला, हात पुसले आणि तरातरा त्या टोकाला गेले. मला वाटलं, आता काहीतरी होणार. मी मागे धावलो. ते थेट तव्यासमोर जाऊन उभे राहिले. कोटय्याने वर पाहिलं. तव्यावर पळी फिरवता फिरवताच तो म्हणाला, "भाई, लाईनीत या."

मागे उभे असलेले पाहुणे हसले. तीन वर्षांत तो त्यांच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

"मुलीचा बाप हाय मी," खाजाभाई म्हणाले.

"माहीत आहे. लाईनीत या."

खाजाभाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं, आणि मग रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. त्यांच्या पुढे बावीस माणसं होती. देगलूरची बहीण म्हणाली, "तुम आगे आओ ना भाईजान," पण ते हलले नाहीत. रांग पुढे सरकली तसतसे ते टाचा उंचावून तव्याकडे बघत होते, आणि प्रत्येक डोसा ताटात पडला की माझ्याकडे वळून पुटपुटत होते, "तेल जास्त घातलंय त्यानं. बघा सर, किती घातलंय."